दूरदृश्य वर्ग आणि परतीचा आवाज

'व्हिडिओ कॉन्फरन्सिंग' हा शब्द आता पहिलीतल्या नातवाच्या आजीलाही ठाऊक झाला आहे. शासकीय पत्रकांत त्याला 'दूरदृश्य प्रणाली' म्हणतात, आमच्या बँकेत 'व्हीसी' म्हणतात आणि घरोघरी नुसतेच 'मीटिंग' म्हणतात. २०२० सालापूर्वी ही गोष्ट मंत्रालय, न्यायालये आणि बड्या कंपन्या यांच्यापुरती होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यानंतर ती एकाएकी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत येऊन बसली. टाळेबंदी सरली, शाळा पूर्ववत भरू लागल्या, तरी दूरदृश्य वर्ग काही उठून गेले नाहीत. खासगी शिकवण्या, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, मुक्त विद्यापीठांची सत्रे, एवढेच काय, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीसुद्धा आता पुष्कळदा पडद्यावरच होतात.

तेव्हा या साधनाने शिकावे कसे आणि शिकवावे कसे, याचा थोडा विचार सभासदांनी आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांनी करावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही तंत्रज्ञ नाही आणि पेशाने शिक्षकही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे आहोत. परंतु या विषयाचा इतिहास वाचताना आणि वस्तीतील अभ्यासिकेत मुलांबरोबर बसताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. पडद्यावरचे चित्र किती स्वच्छ दिसते, फोन किती महागाचा, इंटरनेट किती वेगाचे, याचीच चर्चा आपण करतो. शिक्षणाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. शिक्षकाचा आवाज मुलापर्यंत येतो हे ठीक. मुलाचा आवाज शिक्षकापर्यंत परत जातो काय? ज्या वर्गात ही परतीची वाट बंद असते, तो वर्ग कितीही आधुनिक यंत्रावर भरलेला असो, तो वर्ग नसून खेळ असतो. पाहिला आणि उठून गेलो.

पन्नास वर्षांपूर्वीचा पडदा

दूरच्या शिक्षकाला उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यातल्या मुलांसमोर आणण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात १९७५ साली झाला, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरे वाटत नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा 'एटीएस-६' नावाचा उपग्रह एका वर्षापुरता भारताला वापरावयास मिळाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात इस्रोने त्याच्या आधारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचविली. हा प्रयोग 'साइट' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे कर्नाटकच्या वाट्यात होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री गावात उभारायची आणि संच सार्वजनिक जागेत ठेवायचा, अशी ती व्यवस्था. रोज चार तास कार्यक्रम होत. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळचे अडीच तास मोठ्या माणसांसाठी.

ज्या गावात कधी वर्तमानपत्र वेळेवर आले नाही, तिथे पडद्यावर शाळा आली. या प्रयोगाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु समोर बसलेल्या मुलाला एखादी गोष्ट समजली नाही, तर विचारण्याची सोय त्यात नव्हती. हात वर केला तरी तो अहमदाबादच्या किंवा दिल्लीच्या केंद्रात दिसणार कसा?

पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. आमच्या पिढीतील पुष्कळांनी तो दुपारी, दुसरे काही लागत नाही म्हणून का होईना, पाहिलेला आहे. समुद्राच्या तळाचे मासे आणि दूरच्या आकाशगंगा आम्हांला त्यातच प्रथम दिसल्या. भाषा बहुधा इंग्रजी, म्हणून चित्रावरच समाधान. कुतूहल चाळवले गेले हे खरे, पण वाट इथेही एकेरीच होती.

दुसरी वाट उघडण्याचा प्रयत्न नव्वदच्या दशकात झाला. १९९५ पासून इस्रोने प्रशिक्षणासाठी आणि विकासकार्यासाठी उपग्रहावर स्वतंत्र वाहिनी उपलब्ध करून दिली. पद्धत अशी, की चित्र एकाच बाजूने जाई, आवाज मात्र दोन्ही बाजूंनी. स्टुडिओत तज्ज्ञ बसे. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या केंद्रावर जमलेले शिक्षक किंवा पंचायतीचे सदस्य पडद्यावर त्यांना पाहत आणि शंका तोंडी विचारत. तज्ज्ञाला प्रश्नकर्त्याचा चेहरा दिसत नसे, पण प्रश्न ऐकू येई आणि उत्तर लगेच मिळे. मध्य प्रदेशातील झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात १९९६ पासून जो प्रकल्प चालला, त्यात १५० गावांत चित्र घेणारे संच होते आणि १२ गटांच्या ठिकाणी परत बोलण्याची यंत्रे होती. तंत्रज्ञांच्या भाषेत त्यांना 'टॉक-बॅक' म्हणत. आम्हांला हा शब्द फार आवडला. आपल्याकडे उलट बोलणाऱ्या मुलाला मार मिळतो. इथे उलट बोलता यावे म्हणून सरकारने पैसे खर्च करून यंत्र बसविले होते.

त्यानंतरचा टप्पा 'एज्युसॅट'चा. केवळ शिक्षणासाठी बांधलेला हा भारताचा पहिला उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या प्रारंभीच्या प्रायोगिक प्रकल्पांत कर्नाटक व मध्य प्रदेशातील तंत्रविद्यापीठांबरोबर आपले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. एज्युसॅटची यंत्रे दोन प्रकारची असत. एक केवळ पाहण्या-ऐकण्याचे, दुसरे दोन्ही बाजूंनी संवाद करण्याचे. पहिले स्वस्त, दुसरे महाग. पुढे या जाळ्यात देशभरातील सुमारे ५६ हजार वर्ग जोडले गेले, त्यांपैकी बोलण्याची सोय असलेले वर्ग ५ हजारांच्या आतच होते. म्हणजे दर अकरा-बारा वर्गांमागे एकाला तोंड आणि बाकीच्यांना नुसते कान. खर्चाचा हिशेब आम्हांला समजतो, तो आमचा रोजचा धंदाच आहे. तरीही हे प्रमाण वाचून आम्ही थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. उपग्रह २०१० साली सेवेतून निवृत्त झाला आणि ती जाळी दुसऱ्या उपग्रहांवर हलविण्यात आली.

उपग्रहावरच्या संभाषणाची आणखी एक अडचण सांगण्यासारखी आहे, कारण तिचा धडा आजही उपयोगी पडतो. असा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत पाव सेकंद जातो. प्रश्न जायला पाव आणि उत्तर यायला पाव, असा अर्धा सेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण शिक्षकाने विचारावे, 'समजले का?' आणि अर्ध्या सेकंदात काही ऐकू आले नाही की 'ठीक, पुढे जाऊ' म्हणावे, नेमके तेवढ्यात मुलाचे 'नाही सर' येऊन आदळावे. दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि शेवटी लाजरे मूल कायमचे थांबते. संभाषण सहज वाटावे यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. आजचे तारेचे इंटरनेट चांगले असेल तर विलंब त्या मर्यादेत बसतो. वस्तीतल्या गर्दीच्या मोबाइल टॉवरवर संध्याकाळी तो बसेलच असे नाही. म्हणून पडद्यावर शिकविणाऱ्याने प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सावकाश पाच अंक मोजावेत. वर्गात ही शांतता लांबलेली वाटते. पडद्यावर तीच शांतता मुलाला धीर देते.

पडद्यावरच्या आज्या

डॉ. सुगत मित्र यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. १९९९ साली दिल्लीच्या कालकाजी भागात त्यांनी झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत भोक पाडून संगणक बसविला आणि मुले तो आपापसांत वापरायला शिकली, ही गोष्ट जगभर गाजली. त्यांचा पुढचा प्रयोग आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात असताना २००९ साली त्यांनी तिथल्या लोकांना आवाहन केले, की ज्यांच्याजवळ आठवड्याला एखादा तास आहे आणि इंटरनेट आहे, त्यांनी भारतातल्या मुलांशी बोलावे. पुढे आलेल्यांत निवृत्त शिक्षिका बऱ्याच होत्या, म्हणून या मंडळीला 'ग्रॅनी क्लाउड', म्हणजे इंटरनेटवरच्या आज्या, असे नाव पडले. सुरुवात हैदराबादच्या मुलांपासून झाली. साधन होते स्काइप. त्या स्काइपची सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. यंत्रांचे आयुष्य असे अल्प असते. या आज्यांच्या कामाचा समन्वय ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिला, त्या डॉ. सुनीता कुलकर्णी पुण्याच्या.

या आज्यांनी धडा शिकवायचा नव्हता. गोष्ट वाचून दाखवायची, गप्पा मारायच्या, एखादा मोठा प्रश्न टाकायचा आणि मुलांनी मिळून उत्तर शोधले की आजी करते तसे कौतुक करायचे. २०१३ साली मित्र यांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. त्यातून सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या दोन इंग्लंडमध्ये आणि पाच भारतात. पाचांपैकी एक सुंदरबनातील कोराकाटी या गावी आणि एक आपल्या सातारा जिल्ह्यात फलटण येथे, डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेत. फलटणची मुले मराठी माध्यमाची, पडद्यावरची आजी इंग्रजी बोलणारी. खाणाखुणा, चित्रे, तोडके-मोडके शब्द यांवर संभाषण चालावयाचे.

मुले शिक्षकावाचून आपली आपण शिकतात, हा मित्र यांच्या नावाशी जोडला गेलेला निष्कर्ष आम्हांला जसाच्या तसा मान्य नाही. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगातच आजी आहे, आणि तिचे ऐकणे हे शिक्षकाचेच काम आहे. शिवाय मुलांच्या बाजूला खोली उघडणारे, यंत्र लावणारे, वीज गेली तर मुलांना धरून ठेवणारे कोणी तरी मोठे माणूस लागतेच. आमच्या मते या प्रयोगाचे मर्म संख्येत आहे. एका पडद्यापुढे मोजकी मुले आणि त्यांचे ऐकून घ्यायला पुरेसा वेळ असलेला एक माणूस.

टाळेबंदीतील वर्ग

२४ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि शिक्षण फोनवर आले. त्या वेळी कोणाकडे काय होते, ते पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. संगणक ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास घरांत होता. टाळेबंदीत आईबापांनी कर्ज काढून, दागिना मोडून फोन घेतले. 'असर' या पाहणीत ते दिसते. शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेली मुले २०१८ साली ३६.५ टक्के होती, ती २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाली. मात्र त्याच २०२१ च्या पाहणीत पुढचा आकडा आहे : घरी फोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जाई. घरात दोन भावंडे असली की वर्ग एकाच वेळी. अशा वेळी कोणाचा वर्ग बुडे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. दहावीतल्या मुलीने धाकट्या भावाचा तास संपेपर्यंत भांडी घासावीत आणि मग उरलेल्या डेटावर आपला अर्धा तास पाहावा, हे आम्ही आमच्या गल्लीत पाहिले आहे. त्या काळी दिवसाला दीड जीबीची योजना सर्रास होती आणि चित्रासह एक तासाचा वर्ग एक जीबीच्या आसपास डेटा खात असे.

शासनाने आणि संस्थांनी जमेल ते केले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. सिंधुदुर्गात रेंज मिळावी म्हणून डोंगरावर खोपटे करून अभ्यास झाला. या सर्वांना आमचा नमस्कारच आहे.

पण ज्यांच्यापर्यंत जिवंत दूरदृश्य वर्ग पोचला, त्यांचे काय झाले? साठ मुलांची नावे पडद्यावर ओळीने दिसत. गोंगाट होतो म्हणून सर्वांचे माइक बंद. डेटा वाचावा म्हणून कॅमेरे बंद. शिक्षक स्वतःच्याच चेहऱ्याकडे पाहून बोलत राहत आणि मुले हजेरी देऊन फोन उशाशी ठेवून देत. विचार करा, १९७५ साली विजापूर जिल्ह्यातल्या चावडीवर ठेवलेला संच आणि २०२० सालचा हा फोन यांत फरक काय राहिला? परतीची वाट यंत्रात होती. ती आपण हाताने बंद केली. चावडीवर निदान शेजारी बसलेल्याला कोपराने ढोसून 'काय म्हणाले रे?' असे विचारता येत होते.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 'कॅमेरा चालू करा, नाही तर गैरहजेरी लावीन' असा दम पुष्कळ मुलांना मिळाला. घर एका खोलीचे; मागे चूल, दोरीवर कपडे, खाटेवर आजारी आजोबा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना ते सगळे वर्गासमोर उघडे करण्याची लाज वाटते. ही लाज खोटी आहे असे त्यांना व्याख्यान देणे सोपे आहे, पण त्या वयात ती खरीच असते. परतीच्या वाटेवर चेहरा दिसलाच पाहिजे असे नाही. आवाज चालतो, लिहून पाठविलेले एक वाक्यही चालते, आणि आवाजाला डेटाही फारच थोडा लागतो. तेव्हा मुलाचा कॅमेरा मागण्याआधी शिक्षकाने त्याचे उत्तर मागावे.

या बाबतीत आमच्या धंद्यातला एक नियम शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये ग्राहकाची ओळख व्हिडिओवरून पटवून घेण्यास परवानगी दिली. त्यात अशी अट आहे, की बँकेच्या अधिकाऱ्याने विचारावयाच्या प्रश्नांचा क्रम किंवा प्रकार दर वेळी बदलावा. का, तर समोर खरा माणूस आहे की आधी भरून ठेवलेली चित्रफीत लावली आहे, ते कळावे म्हणून. हलते चित्र दिसले एवढ्यावर बँक पन्नास रुपयांचे खातेदेखील उघडत नाही. आणि शाळा मात्र पडद्यावर नाव दिसले एवढ्यावर 'उपस्थित' अशी नोंद करीत होत्या.

दूरदृश्य वर्गाने थकवा येतो, ही तक्रार आळसाची नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली त्याची चार कारणे मांडली. मोठाले चेहरे अगदी जवळून सतत आपल्याकडे पाहत असल्याचा भास. स्वतःचाच चेहरा तासभर समोर दिसणे. चौकटीत राहायचे म्हणून अंग न हलविणे. आणि एरवी नुसत्या मान डोलाविण्याने कळते ते प्रयत्नपूर्वक कळविणे व ओळखणे. यावर सोपे उपाय आहेत. स्वतःचे चित्र स्वतःला न दिसण्याची सोय प्रणालीत असते, ती वापरावी. फोन हातात धरू नये, चार पुस्तकांना टेकवून दूर ठेवावा. चाळीस मिनिटांहून अधिक वर्ग घेऊ नये. झूमची विनामूल्य सेवा तेवढ्यावर आपोआप तोडते, ती आमच्या मते कृपाच आहे.

एक खोली, एक पडदा

आता थोडे प्रत्यक्ष कामाचे. प्रत्येक मुलाच्या हातात फोन ही कल्पना सोडून, मुलांनी एका खोलीत जमावे आणि शिक्षक तेवढा पडद्यावर यावा, ही पद्धत आम्हांला वस्तीच्या दृष्टीने अधिक योग्य वाटते. समाजमंदिर, ग्रंथालय, अभ्यासिका, कोणतीही जागा चालते. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत नववी-दहावीच्या अकरा मुलामुलींसाठी रविवारी गणिताचा वर्ग असा चालविला. शिकविणारा तरुण याच वस्तीतला, आता बंगळूरला नोकरीला. त्याला दर रविवारी गावी येणे शक्य नव्हते. पडद्यावर येणे शक्य होते. देणगीतून आलेला बत्तीस इंची टीव्ही, एक जुना लॅपटॉप आणि दोनशे रुपयांची एक वायर, एवढ्यावर काम भागले. घर दाखविण्याचा प्रश्न राहिला नाही, भावंडांची ओढाताण राहिली नाही आणि अकरा जणांचा डेटा एकाच जोडणीवर आला.

अशा खोलीत माइक एकच चालू असावा. दोन फोन एकाच वेळी जोडले तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरतो, तो पुन्हा फिरून येतो आणि कान किटतील अशी शिट्टी सुरू होते. माइक मुलांच्या मधोमध, टीव्हीपासून लांब ठेवावा. आवाज स्वच्छ असला तर चित्र थोडे धुरकट चालते, उलट चालत नाही. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा दिसतो. गणित शिकविताना फळ्याचाही मोह नको, खडूची अक्षरे कॅमेऱ्यात फिकी पडतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या उंच थप्प्या ठेवून त्यांवर फोन आडवा, कॅमेरा खाली करून ठेवावा आणि त्याखाली वहीत मोठ्या अक्षरांत उदाहरण सोडवावे. मुलांना शिक्षकाचा हात चालताना दिसतो, तो कुठे थबकतो आणि काय खोडतो तेही दिसते. वर्गाच्या फळ्यापेक्षा हे काकणभर सरसच.

दुसरी गरज माणसाची. खोलीत एक थोरली ताई किंवा दादा हवाच. आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी बसे. तिने शिकवायचे नाही. कोणाची पेन्सिल थांबली आहे ते पाहायचे आणि पडद्याकडे वळून 'दादा, हिचं तिसऱ्या पायरीला अडलंय' एवढे सांगायचे. बंगळूरहून जे दिसत नाही ते तिला दिसे. झाबुआच्या बारा यंत्रांचे काम आमच्याकडे ती करीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही बोलणारी मुले दोन-तीनच असतात, हा सर्व वर्गांचा अनुभव. यावर तोड निघाली ती एका अबोल मुलीमुळे. तिने उत्तर तोंडाने न सांगता धाकट्या बहिणीच्या पाटीवर लिहून कॅमेऱ्यापुढे धरले. पुढच्या रविवारी अकरा पाट्या आल्या. प्रश्न झाला की सर्वांनी लिहायचे आणि 'दाखवा' म्हटल्यावर एकदम पाट्या वर धरायच्या. शिकविणाऱ्याला एका नजरेत कळते, की सात बरोबर आहेत, तिघांनी चिन्ह चुकविले आहे आणि एकाने शेजाऱ्याचे पाहिले आहे. साठ नावे ओळीने दाखविणाऱ्या प्रणालीने जे साधले नाही, ते पाटी-खडूने साधले. पाटी छोटी आणि अक्षर जाड हवे, एवढीच अट.

कोणते विषय पडद्यावर द्यावेत? शंकानिरसन, इंग्रजी संभाषण, मुलाखतीची तयारी, बाहेरगावच्या अनुभवी माणसांशी गप्पा, हे उत्तम चालते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यांनी याच साधनाने परदेशांतल्या वर्गांना विज्ञानाच्या दूरस्थ सहली घडविल्या. म्हणजे खेड्यातला शिक्षक आणि परदेशी विद्यार्थी, अशी उलटी गंगाही वाहते. पण अक्षर गिरविणाऱ्या लहान मुलांना पडद्यापुढे बसवू नये. त्यांच्या बोटांना धरणारा हात लागतो. प्रयोगशाळेचे कामही पडद्यावर पाहून येत नाही.

वर्ग ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवावा काय, असे काही पालक विचारतात. उदाहरण सोडविण्याचा भाग तेवढा ठेवावा, पुनरावृत्तीला उपयोगी पडतो. मुलांची प्रश्नोत्तरे मात्र मुद्रित करू नयेत. आपले चुकलेले उत्तर कोठे तरी साठविले जात आहे हे कळले, की मूल विचारणे बंद करते. शिवाय मुलांची चित्रे पालकांना न विचारता गटागटांतून फिरविणे केव्हाही गैरच.

शेवटी विजेबद्दल. आमच्याकडे रविवारी दुपारी वीज जाणे नवलाचे नाही. टीव्ही बंद पडतो, इंटरनेटची पेटी बंद पडते. अशा वेळी वर्ग सोडून देऊ नये. ताईने आपल्या साध्या फोनवरून शिक्षकाला कॉल लावावा, स्पीकर चालू करून फोन टेबलाच्या मधोमध ठेवावा आणि त्याने उदाहरण तोंडी सांगावे. पाट्या तशाच. उत्तरे ताई मोठ्याने वाचून दाखवील. आमच्या अकरा जणांचा मसावि-लसाविचा निम्मा धडा असाच झाला.